जगातील अग्रगण्य विद्यापीठे : नावापलीकडे काय पाहावे?

परदेशात शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात पहिली चर्चा होते ती बहुधा क्रमवारीची. कोणते विद्यापीठ जगात कितवे, हा प्रश्न आधी आणि तेथे नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न नंतर. वास्तविक ही क्रमवारी फार जुनी नाही. शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाने २००३ मध्ये पहिली जागतिक यादी प्रसिद्ध केली, ती चिनी विद्यापीठे जगाच्या तुलनेत कोठे आहेत हे तपासण्यासाठी. पुढच्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स हायर एज्युकेशन'ने 'क्यूएस' या संस्थेच्या साह्याने दुसरी यादी काढली. २००९ नंतर या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि आज मुख्य याद्या तीन आहेत.

या याद्या काय मोजतात, हे ठाऊक असलेले बरे. शांघायच्या यादीत माजी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना मिळालेली नोबेल पारितोषिके व गणितातील फील्ड्स पदके यांना मिळून ३० टक्के वजन आहे. उरलेला बहुतेक भाग संशोधन निबंधांचा. म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवण्याचा दर्जा कसा आहे, याचे उत्तर त्यात नाही. 'क्यूएस'च्या यादीत सर्वांत मोठा वाटा जगभरच्या प्राध्यापकांच्या मताचा, अर्थात लौकिकाचा असतो. लौकिक हा जुन्या संस्थांच्या पदरी आपोआप पडतो. संपूर्ण विद्यापीठाच्या क्रमांकापेक्षा विषयवार क्रमवारी अधिक उपयोगी, हे यावरून ध्यानात यावे.

ऑक्सफर्डमध्ये १०९६ पासून अध्यापन चालू असल्याचे मानले जाते. तेथील नागरिकांशी झालेल्या तंट्यानंतर काही विद्वान १२०९ मध्ये केंब्रिजला गेले आणि दुसरे विद्यापीठ उभे राहिले. दोन्ही ठिकाणची खरी ओळख म्हणजे महाविद्यालयांची व्यवस्था. विद्यार्थी राहतो महाविद्यालयात, परीक्षा देतो विद्यापीठाची आणि दर आठवड्याला एक-दोन सहाध्यायांसह अध्यापकासमोर बसून आपल्या लेखनाची चिरफाड करून घेतो. ऑक्सफर्डमध्ये या तासाला 'ट्युटोरियल' म्हणतात, केंब्रिजमध्ये 'सुपरव्हिजन'. व्याख्यान चुकले तरी चालते, पण हा तास चुकत नाही. ज्याला वर्गाच्या मागच्या बाकावर लपून राहण्याची सवय आहे, त्याने या पद्धतीचा आधीच विचार करावा.

महाराष्ट्राला केंब्रिजची ओळख 'रँग्लर' या शब्दाने झाली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तेथील गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रँग्लरांची अनुक्रमवार यादी जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली, पण पुण्यात ती पदवी नावापुढे कायमची चिकटली. जयंत नारळीकर १९५७ मध्ये तेथेच गेले आणि फ्रेड हॉएल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली.

पदवी अभ्यासक्रमासाठी एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. इतर ब्रिटिश विद्यापीठांची मुदत जानेवारीपर्यंत असली, तरी या दोहोंची १५ ऑक्टोबरलाच संपते. नंतर प्रवेश चाचणी, नंतर मुलाखत. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत. अपरिचित प्रश्नावर विद्यार्थी मोठ्याने विचार कसा करतो, हे तेथे पाहिले जाते. राज्य मंडळाची बारावी कोणत्या अभ्यासक्रमाला ग्राह्य धरली जाते, याची चौकशीही वर्षभर आधी करावी. त्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहणाऱ्यांना बहुधा उशीर झालेला असतो.

विद्यापीठापेक्षा विभाग आणि मार्गदर्शक महत्त्वाचा, याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जॉन ड्यूई आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन हे तेथे त्यांचे गुरू. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथाला मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि निष्कर्षांशी आपण सहमत नाही, हेही तीत नमूद केले. मतभेद नोंदवून विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा गुरू कोणत्याही क्रमवारीत मोजला जात नाही. सामाजिक शास्त्रांसाठी १८९५ मध्ये स्थापन झालेली लंडनची ही संस्था आजही पहिल्या पसंतीची आहे. अभियांत्रिकी मात्र तेथे नाही.

अमेरिकेचे चित्र निराळे. हार्वर्ड (१६३६) हे तेथील सर्वांत जुने विद्यापीठ. बॉस्टनच्या नदीपलीकडे त्याच गावात १८६१ मध्ये सनद मिळालेली एमआयटी आहे. पश्चिमेस १८९१ मध्ये सुरू झालेले स्टॅनफर्ड. पदवी चार वर्षांची असते आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवता येतो. बारावीलाच आयुष्य ठरवून टाकण्याची सक्ती नसणे, हा या पद्धतीचा मोठा गुण. हार्वर्डमध्ये शंभर अर्जांमागे चारच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो, हे मात्र विसरू नये. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये 'सॅट'सारख्या चाचणीचे गुण पुन्हा आवश्यक केले.

खर्चाबाबत मोठा गैरसमज आढळतो. खासगी विद्यापीठात शुल्क, निवास आणि भोजन यांचा वार्षिक आकडा ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, हे खरे. तथापि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही निवड करताना त्याची आर्थिक स्थिती विचारात घेत नाहीत आणि निवड झाल्यावर कुटुंबाला न झेपणारा खर्च स्वतः उचलतात. म्हणून कधीकधी सर्वांत महागडे दिसणारे विद्यापीठ मध्यम लौकिकाच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडते. पदव्युत्तर शिक्षणाचे गणित पुन्हा वेगळे. मास्टर्सचा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच करावा लागतो, तर विज्ञान व अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला सामान्यतः शुल्कमाफी आणि निर्वाह वेतन मिळते. घर तारण ठेवून मास्टर्सचे कर्ज काढण्यापूर्वी हा फरक कुटुंबाने एकत्र बसून समजून घ्यावा.

जर्मनीत हुंबोल्ट परंपरेने अध्यापन आणि संशोधन एकत्र आणले. १८१० मध्ये स्थापन झालेले बर्लिनचे विद्यापीठ हे त्याचे उगमस्थान. इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट तेथूनच मिळवली. सरकारी विद्यापीठांत अध्यापन शुल्क नसते, हे आजही बहुतांशी खरे आहे, सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो द्यावे लागतात, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून २००० ते ६००० युरो आकारणी सुरू केली. शिवाय व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच विशेष खात्यात गुंतवून दाखवावी लागते. २०२४ मध्ये ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली. भारतीय अर्जदारांना २०२२ पासून 'एपीएस' या कक्षाकडून प्रमाणपत्रांची पडताळणीही करून घ्यावी लागते. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचे वर्षभर तरी शिक्षण, 'जेईई अॅडव्हान्स्ड' किंवा तेथील पूर्वतयारी वर्ग, यांपैकी एक वाट धरावी लागते.

शेजारी स्वित्झर्लंडमधील झुरिकची 'ईटीएच' ही १८५५ पासूनची तंत्रशिक्षण संस्था आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी दिलेल्या प्रवेश परीक्षेत आइन्स्टाइन अयशस्वी ठरले आणि पुढच्या वर्षी शालेय शिक्षण पुरे करून आत गेले, ते हेच विद्यापीठ. अनेक वर्षे नाममात्र असलेले तेथील शुल्क २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिप्पट झाले. तरीही २१९० फ्रँक हा सत्राचा आकडा अमेरिकेपुढे किरकोळच. झुरिकचे घरभाडे मात्र किरकोळ नाही.

पूर्वेकडे सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ भारतीयांना जवळचे वाटते. तेथे पदवीसाठी सरकारी शुल्क अनुदान मिळू शकते, परंतु त्याबदल्यात तीन वर्षे सिंगापुरातील नोंदणीकृत संस्थेत नोकरी करण्याचा करार असतो. जपानच्या सरकारी शिष्यवृत्तीत शुल्क आणि निर्वाह दोन्ही मिळतात. भाषेची तयारी मात्र हवी.

शिष्यवृत्त्यांचा शोध प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्जाच्या बरोबरीने सुरू व्हायला हवा. ब्रिटनच्या 'चीवनिंग'ला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती गिरीश कर्नाड यांना मिळाली होती. १८९२ पासून चालू असलेला जे. एन. टाटा निधी कर्जरूपाने साह्य देतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. त्यांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान ही अट असते. येथे मात्र क्रमांकाला खरोखरच किंमत आहे. अटी व मुदती त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच पाहाव्यात.

शिक्षणानंतर थांबण्याचे नियमही बदलत असतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीयांना सोबत नेण्याची मुभा जानेवारी २०२४ पासून बहुतांशी बंद झाली. पदवीनंतर दोन वर्षे राहण्याची सवलत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचीच ठरवण्यात आली आहे. परदेशी नोकरी गृहीत धरून कर्जाचे हप्ते आखणाऱ्यांनी मायदेशातील पगारावर ते फेडता येतील का, हा हिशेबही कागदावर मांडून पाहावा.