रोलची किंमत आणि धुण्याची किंमत

वस्तूची किंमत किती, हे ग्राहक नेहमी विचारतो; त्या किंमतीत काय काय अंतर्भूत आहे, हे तो क्वचितच विचारतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा होय. छायाचित्रणाच्या फिल्मचा इतिहास बव्हंशी ह्याच प्रश्नाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

जॉर्ज ईस्टमन ह्याने १८८८ साली अमेरिकेत पहिला ‘कोडॅक’ कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत २५ डॉलर होती आणि आत १०० छायाचित्रांची फिल्म भरलेलीच असे. ती संपली म्हणजे ग्राहकाने कॅमेरा जसाच्या तसा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवावयाचा व १० डॉलर भरावयाचे. कारखाना फिल्म धुऊन, छायाचित्रे छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. काळोख्या खोलीत बसून रसायने हाताळणे ज्यांना जमत नव्हते, त्यांना ही सोय म्हणजे उपकारच होता. तथापि फिल्म विकणारा आणि ती धुणारा एकच, ही प्रथाही येथूनच पडली. पुढे १९०० साली ‘ब्राउनी’ हा कॅमेरा अवघ्या १ डॉलरला मिळू लागला. कॅमेरा ग्राहक एकदाच घेतो, फिल्म मात्र त्याला पुनःपुन्हा घ्यावी लागते. खरा व्यापार कोठे होता हे ह्यावरून उघड होते.

हा व्यापार हातचा जाऊ नये म्हणून कंपनीने विक्रेत्यांवर अटी लादल्या. तिने ठरविलेल्या किंमतीसच माल विकावा, प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नये, अशा त्या अटी होत्या. सरकारने दावा लावला. कंपनीने मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग केला, असा निर्णय १९१५ साली झाला आणि १९२१ साली तडजोडीचा हुकूमनामा होऊन त्या अटींस आळा बसला.

परंतु १९३५ साली ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म आली आणि जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडॉव्स्की ह्या दोघा संगीतज्ञांनी कंपनीच्या प्रयोगशाळेत ती सिद्ध केली होती. तिच्यात रंग आधीपासून नसत. धुण्याच्या वेळी, एकामागून एक अशा अनेक क्रियांनी, ते भरावे लागत. हौशी माणसास हे घरी करणे अशक्यच होते. कंपनी फिल्मच्या किंमतीतच धुण्याचे दाम वसूल करी आणि रोल तिच्याकडेच पाठवावा लागे. नारळ विकणाऱ्याने तो देवापुढे फोडण्याचे दामही आधीच घ्यावे, आणि मी ठरवीन त्यानेच तो फोडावा, असे म्हणावे, तशातलाच हा प्रकार!

कंपनीची बाजू अगदीच लंगडी होती असे नव्हे. क्रिया नाजूक होती. कोणी अनाडी माणसाने रोल बिघडविला तर बोल फिल्मला लागला असता. परंतु अमेरिकेतील रंगीत फिल्म धुण्याचा ९० टक्क्यांहून अधिक धंदा एकाच हाती असणे सरकारला मान्य होण्यासारखे नव्हते. १९५४ च्या डिसेंबरात दुसरा तडजोडीचा हुकूमनामा झाला. फिल्म आणि धुणे ह्यांच्या किंमती निरनिराळ्या असाव्यात, धुण्याची पेटंटे व कृती इतरांस उपलब्ध कराव्यात, आणि ७ वर्षांत ह्या धंद्यातील कंपनीचा वाटा निम्म्यावर यावा, असे त्यात ठरले. त्यानंतर अमेरिकेत धुण्याचे स्वतंत्र कारखाने उभे राहिले. हुकूमनाम्याचा अंमल अमेरिकेपुरताच असल्यामुळे ब्रिटनमध्ये मात्र धुण्याच्या दामासह विक्रीची जुनी रीत पुढेही दीर्घकाळ चालू होती.

कालांतराने परिस्थिती पालटली. फिल्मची बाजारपेठ आता जगभरची एकच आहे, ह्या विचाराने न्यायालयाने १९९४ साली दोन्ही हुकूमनामे रद्द केले. त्यानंतर अंकीय कॅमेऱ्याने फिल्मचा धंदाच खालावला. कंपनीने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील आपला कोडाक्रोम धुण्याचा कारखाना २००६ साली बंद केला आणि २००९ साली फिल्मचे उत्पादनही थांबविले. अखेरीस जगात कोडाक्रोम धुणारे एकच ठिकाण उरले: अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स ह्या लहान गावचा एक खाजगी कारखाना. रोल स्वीकारण्याचा त्याचा अखेरचा दिवस ३० डिसेंबर २०१० हा होता, आणि त्या सुमारास देशोदेशींच्या हौशी मंडळींचे रोल तेथे येऊन पडले. तयार झालेला शेवटचा रोल स्टीव्ह मकरी ह्या छायाचित्रकाराने कंपनीकडे मागून घेतला होता. त्याच्या ३६ छायाचित्रांपैकी काही मुंबईत घेतलेली आहेत. तोही पार्सन्स येथेच धुतला गेला.

१९५४ साली ज्यांनी धुण्याचा हक्क इतरांस मिळवून दिला, त्यांच्या डोळ्यांसमोर स्वस्ताई होती. फिल्मच्या अंतकाळाची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. तरीही कंपनीने स्वतःचे कारखाने बंद केल्यावर रसिकांना जी चार वर्षे अधिक मिळाली, ती धुण्याची विद्या कंपनीबाहेरच्या हातांतही गेली होती म्हणूनच मिळाली. मक्तेदारीचा तोटा पैशांत मोजण्याची आपली रीत आहे. पण मक्तेदाराने धंदा सोडला की त्याबरोबर विद्याही लुप्त होऊ शकते, हा तोटा अधिक मोठा होय. आणि तो पैशांत मोजता येत नाही.