कॅथार्सिस, विरेचन आणि राहून गेलेला खुलासा

एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना दर वर्षी एक वाक्य आम्हांला हमखास भेटते : शोकांतिका पाहून मनात साचलेल्या भावना बाहेर पडतात, प्रेक्षकाला हलके वाटते, यालाच विरेचन म्हणतात. गुण द्यावेच लागतात, कारण गाइडांत तेच छापलेले असते आणि खरे सांगायचे तर आम्हीही वर्षानुवर्षे जवळजवळ तेच शिकवत आलो. मागे एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "सर, भीती आणि करुणा पोटात साचतात का?" तिच्या घरी वैद्यकी होती. वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न मनातून गेला नाही.

'कॅथार्सिस' हा इंग्रजीने जसाच्या तसा उचललेला ग्रीक शब्द. मुळात अर्थ साफ करणे, शुद्ध करणे. खुनाचा विटाळ विधीने धुऊन काढणे हे कॅथार्सिस. हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्य शरीरातील दूषित द्रव काढून टाकीत तेही कॅथार्सिस. प्लेटोने हा शब्द आत्म्याच्या शुद्धीसाठी वापरला, तर ॲरिस्टॉटलच्या जीवशास्त्रीय लेखनात तो बहुधा स्त्रियांच्या मासिक स्रावासाठी येतो. म्हणजे वैद्यकीय आणि लाक्षणिक अर्थांची सरमिसळ ग्रीकांतच झालेली होती.

'पोएटिक्स'मध्ये हा शब्द अवघा दोनदा येतो. एकदा सहाव्या प्रकरणात, शोकांतिकेच्या व्याख्येत. दुसऱ्यांदा सतराव्यात, आणि तिथे तो ओरेस्टिसच्या धार्मिक शुद्धिविधीसंबंधी आहे. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात ॲरिस्टॉटल संगीताने होणाऱ्या कॅथार्सिसविषयी बोलतो, त्याची तुलना औषधोपचाराशी करतो आणि अधिक खुलासा काव्यविषयक ग्रंथात करू, असे सांगून पुढे जातो. हाती आलेल्या 'पोएटिक्स'मध्ये तो खुलासा नाही. पुढची सगळी वादावादी या एका रिकाम्या जागेत उभी आहे. ॲरिस्टॉटलचे वडील निकोमाकस मॅसिडोनियाच्या दरबारी वैद्य होते, हा पुरावाही पुढे केला जातो. बाप वैद्य म्हणून मुलाचे प्रत्येक रूपक रेचकाचेच मानायचे, हे आम्हांला जरा जास्तच वाटते.

इंग्रजीत 'कॅथार्टिक' म्हणजे रेचक औषध, हा अर्थ सतराव्या शतकापासून चांगलाच परिचित. 1671 साली 'सॅमसन ॲगनिस्टीस'च्या प्रस्तावनेत मिल्टनने शोकांतिकेचे समर्थन केले तेही वैद्यकाच्याच भाषेत : आंबटावर आंबट, खारटावर खारट. लेसिंगने अठराव्या शतकात उलट नैतिक अर्थ लावला. शोकांतिका विकारांचे रूपांतर सद्गुणांत करते, असे त्याचे म्हणणे. मग 1857 मध्ये याकोब बेर्नाइस या जर्मन भाषापंडिताने ठासून सांगितले, की हा शब्द नीतीचा नाही, वैद्यकाचा आहे. दाबलेल्या भावनांना वाट करून देणे एवढाच त्याचा अर्थ.

गंमत पुढेच आहे. या बेर्नाइसची पुतणी मार्था ही फ्रॉइडची पत्नी. 1895 साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ आला आणि त्यातील उपचारपद्धतीचे नावच 'कॅथार्टिक' होते. 'आना ओ.' या टोपणनावाने ओळखली गेलेली त्यातील रुग्ण या उपचाराला विनोदाने धुराडे झाडणे म्हणत असे. त्याच 1895 मध्ये बुचरचे 'पोएटिक्स'चे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यात 'पर्गेशन' हा शब्द आहे. बायवॉटरने 1909 मध्ये मात्र 'कॅथार्सिस' तसाच ठेवला. आम्हांला तो शहाणपणा वाटतो. आज इंग्रजी बोलणारा माणूस मनसोक्त रडून वा ओरडून झाल्यावर 'कॅथार्टिक' वाटले असे म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी धुराडेच असते, ॲरिस्टॉटल नसतो. आणि धुराड्याचीही खात्री नाही : 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर राग काढणारे लोक अधिकच रागावलेले आढळले.

मराठीत 'विरेचन' रुळले तेव्हा हा वाद आपण न वाचताच निकाली काढला. 'भावशुद्धी' म्हणणारे होते, पण परीक्षेत विरेचनच जिंकले. शब्द आयुर्वेदातून घेतला, अर्थ मात्र जुलाबाचा घेतला.

त्या विद्यार्थिनीने आम्हांला सुनावले ते इथेच. तिच्या सांगण्यावरून आम्ही चरकाकडे वळलो. विरेचनापूर्वी स्नेहन व स्वेदन करावे लागते. नंतर पेया, विलेपी अशा क्रमाने आहार पूर्ववत आणावा लागतो. शोधन कमी झाले तर अयोग, अधिक झाले तर अतियोग. विरेचन मुख्यतः पित्तासाठी, पण पित्त म्हणजे मळ नव्हे. त्यावाचून अन्न पचणार नाही. वाढलेले तेवढे काढायचे, उरलेले जागेवर राहिले पाहिजे.

हे वाचल्यावर ॲरिस्टॉटलची नीतिमीमांसा आठवल्याशिवाय राहत नाही. भीती वा राग बाहेर फेकण्याच्या वस्तू आहेत, असे तो तिथे कुठेही मानत नाही; योग्य वेळी, योग्य कारणाने, योग्य प्रमाणात त्या वाटाव्यात, एवढेच त्याचे मागणे आहे. आणि 'पोएटिक्स'मध्ये करुणा व भीती नुसत्या नेपथ्याच्या करामतीने न जागवता कथानकाच्या रचनेतून जागवाव्यात, असा त्याचा आग्रह आहे. स्थित्यंतर, अभिज्ञान, फार थोर नाही आणि दुष्टही नाही असा नायक : ही सारी पूर्वतयारी आम्हांला स्नेहन-स्वेदनासारखीच वाटते. अर्थात हे आमचे वाचन. ॲरिस्टॉटलचा राहून गेलेला खुलासा यातून भरून निघत नाही. पण मराठी शब्द आपल्या मूळ अर्थाने वाचला, तर तो आजच्या इंग्रजी वापरापेक्षा त्या ग्रीक मजकुराच्या अधिक जवळ जातो, एवढे म्हणायला हरकत नाही.

वार्षिक परीक्षेत तो प्रश्न पुन्हा आलाच. ओळखीच्या वळणाच्या अक्षरातील एका उत्तरपत्रिकेत 'हलके वाटणे' हे शब्द कुठेच नव्हते. पेयेचा उल्लेख मात्र होता. नमुना उत्तरात पेया नव्हती. आम्ही पूर्ण गुण दिले.