बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

नुसत्या मायक्रोकंट्रोलर चिपवर घरी घड्याळ बांधायचे, तर चिपसोबत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी एक चंदेरी नळी आणावी लागते. तिच्यात गारगोटीच्या कुळातला, म्हणजे क्वार्ट्झचा, चिमट्यासारखा दुपाखी तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. असला अडनिडा आकडा का?

क्वार्ट्झवर दाब दिला की वीजभार निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. वीज दिली की स्फटिक हलतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि हॉर्टन यांनी या थरथरीवर घड्याळ चालवले. पण ते कपाटाएवढे धूड होते. मनगटावर यायला १९६९चा नाताळ उजाडला. टोकियोत सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विकायला काढले, किंमत ४,५०,००० येन. तेवढ्यात तेव्हा जपानात लहान मोटार येई! त्याचा स्फटिक ८,१९२ वेळा थरथरे.

८,१९२ तेरा वेळा निम्मे करा, किंवा ३२,७६८ पंधरा वेळा. उरतो नेमका १. निम्मे करत जाणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाचे सर्वांत सोपे गणित. थरथर वाढवली की स्फटिक लहान करता येतो, फार वाढवली तर सेल लवकर संपतो. या ओढाताणीत मनगटी घड्याळे ३२,७६८ वर स्थिरावली. एटीमेगा ३२८ चिपमध्ये आधी १२८ ने भागले जाते, मग आठ बिटांचा गणक २५६ मोजून शून्यावर येतो, की झाला सेकंद. मधल्या वेळात चिप झोपते. तयार बोर्ड घेतले तर त्यावरचा दिवा आणि यूएसबीचा भागच झोपलेल्या चिपच्या कित्येक पट वीज खातात.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत वेगाने चालतो. मनगटाची ऊब धरूनच तो तसा कापलेला असतो. ऊन वाढो की थंडी, तो मागेच पडतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना हे मागे पडणे दिवसाला सेकंदाहून थोडे अधिक, या हिशेबाने भरते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने याच दुखण्यावर पितळ आणि पोलाद जोडून उपाय काढला होता. आपल्याला चिपमधलाच ढोबळ तापमापक आधी जुळवून घ्यावा लागतो. मग थकलेला वेळ मांडत राहायचा आणि पुरा सेकंद साचला की आकडा एकने पुढे ढकलायचा.