‘वैडूर्य’ : एका रत्ननामाचा अर्थविचार

प्राचीन भारतीय वाङ्मयात आढळणाऱ्या रत्ननामांपैकी ‘वैडूर्य’ हे नाव अर्थनिश्चितीच्या दृष्टीने विशेष अडचणीचे आहे. मराठी जवाहिरे व ज्योतिषी यांच्या व्यवहारात ते ‘लसण्या’ या अर्थी रूढ असून केतूचे रत्न म्हणून नवरत्नांत त्याची गणना होते. बौद्ध ग्रंथांच्या पाश्चात्त्य भाषांतरांत त्याचा अर्थ पुष्कळदा राजावर्त असा केला जातो. ग्रीक व लॅटिन साधनांशी तुलना करणारे अभ्यासक मात्र ते बेरिल समजतात. हे तिन्ही पदार्थ परस्परांहून भिन्न असून त्यांची प्राप्तिस्थानेही निराळी आहेत. म्हणून एखाद्या उताऱ्यात कोणता अर्थ घ्यावयाचा, हा केवळ कोशकारांचा प्रश्न राहत नाही. त्यावर व्यापारमार्गांविषयीची अनुमाने अवलंबून असतात.

पाणिनीने हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामापासून, ‘तेथे उत्पन्न होणारे’ या अर्थी सिद्ध केला आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीने त्यावर एक मार्मिक शंका उपस्थित केली. हे रत्न विदूर येथे उत्पन्न होत नाही. ते वालवाय पर्वतावर सापडते व विदूर येथे त्यावर केवळ संस्कार होतो, असे तो नमूद करतो. परिहार म्हणून तो असेही सुचवितो की, व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच ‘विदूर’ म्हणत असावेत. उत्तरकालीन कोशांतील ‘वालवायज’ हा पर्याय याच परंपरेतला होय. खाण एकीकडे आणि कारागिरी दुसरीकडे, ही वस्तुस्थिती व्याकरणाच्या चर्चेत अशी सहज नोंदली गेली आहे.

तथापि ध्वनीच्या दृष्टीने विदूरापासूनची व्युत्पत्ती समाधानकारक वाटत नाही. पालीत ‘वेळुरिय’ असे रूप आहे. हेमचंद्राने प्राकृतात ‘वेरुलिअ’ हे वर्णविपर्यय झालेले रूप दिले आहे. ग्रीक ‘बेरिल्लोस’ या शब्दातील लकाराचा मेळ दंत्य दकाराशी बसत नाही. तो ‘ळ’ असलेल्या बोलीरूपाशी बसतो. म्हणजे पश्चिमेकडे गेला तो शब्द पंडितांचा नव्हे, बाजारातला होता. ‘वैदूर्य’ हे दकारयुक्त रूप प्रचलित शब्दाला संस्कृत व्युत्पत्ती देण्याच्या प्रयत्नातून आले असावे. मूळ शब्द द्राविडी असल्याचे मतही काही विद्वानांनी मांडले आहे, व ‘ळ’काराची साक्ष त्याला प्रतिकूल नाही.

भौगोलिक पुरावाही दक्षिणेकडेच बोट दाखवितो. इ. स. 79 मध्ये मृत्यू पावलेल्या प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या 37 व्या भागात म्हटले आहे की, बेरिल भारताबाहेर क्वचितच मिळते. समुद्राच्या हिरव्या पाण्यासारखे बेरिल तो उत्तम मानतो. टॉलेमीने बेरिलचे स्थान म्हणून पुन्नाट प्रदेशाचा उल्लेख केला आहे. तमिळनाडूत पडियूर येथे बेरिलच्या खाणी असून, त्याच परिसरात नोय्यल नदीकाठी कोडुमणल येथे झालेल्या उत्खननांत रत्ने घडविण्याच्या उद्योगाचे अवशेष मिळाले आहेत.

अर्थशास्त्रात वैडूर्याच्या ज्या छटा दिल्या आहेत, त्यांत नीलकमळ, शिरीषपुष्प, पाणी, बांबू व पोपटाचे पीस यांचे रंग येतात. निळ्या-हिरव्या बेरिलला हे वर्णन चांगले लागू पडते. लसण्यातील सरकत्या प्रकाशरेषेचा त्यात उल्लेख नाही. राजनिघंटूसारख्या उत्तरकालीन ग्रंथात मात्र बांबूचे पान व मयूरकंठ यांच्या जोडीला मांजराच्या डोळ्याची छटाही येते. लसण्याकडे झालेल्या अर्थांतराची पायरी येथे स्पष्ट दिसते. चीनमध्ये याच शब्दापासून आलेला ‘लिउली’ हा शब्द पुढे काच व चकचकीत मुलाम्याची कौले यांना लागला. तिबेटी परंपरेत वैडूर्यप्रभ भैषज्यगुरूचा वर्ण गडद निळा असल्याने राजावर्ताचा अर्थ बळावला.

युरोपात या नावाचा प्रवास आणखी वेगळ्या दिशेने झाला. जर्मन भाषेतील चष्मा या अर्थाचा ‘ब्रिल’ हा शब्द ‘बेरिल्लोस’चाच वंशज आहे. इ. स. 1798 मध्ये व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञास बेरिलमध्ये एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड आढळले. 1828 मध्ये वोलर व ब्यूसी यांनी ते मूलद्रव्य स्वतंत्रपणे वेगळे केले, आणि त्याला बेरिलियम हे नाव रूढ झाले. आधुनिक खनिजशास्त्राच्या दृष्टीने लसण्या हा क्रिसोबेरिलचा प्रकार असून त्यातही बेरिलियम असते. मात्र या रासायनिक आप्तसंबंधावरून प्राचीनांनी दोहोंना एकच नाव दिले, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. त्यांचे वर्गीकरण रंग व तेज यांवर आधारलेले होते.

सारांश, ‘वैडूर्य’ या नावाला सर्वकाळी लागू पडेल असा एकच अर्थ देता येत नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील दक्षिणी व्यापाराच्या संदर्भात बेरिल, उत्तरकालीन रत्नशास्त्रात व मराठी व्यवहारात लसण्या, आणि उत्तरेकडील बौद्ध परंपरेत प्रसंगी राजावर्त, असा कालस्थलानुसार विवेक करावा लागतो. तसा तो न करता जुन्या उताऱ्यात आजचा अर्थ घातल्यास कोईमतूरच्या परिसरातील खाणींचे रत्न बदख्शानचे ठरण्याचा संभव असतो, आणि एका शब्दाच्या चुकीने इतिहासाचा मार्गच बदलतो.