कोळशाने जमलं, ते गॅसने का नाही?

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. दोन देशांमधला व्यापार वाढला की त्यांच्यातलं युद्ध टळतं का? युरोपने हा प्रयोग दोनदा करून पाहिला. एकदा जमला, एकदा पार फसला.

आधी जमलेला बघू. १८७०, १९१४, १९४०. सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा भिडले. तोफा आणि रणगाड्यांना लागतं पोलाद, पोलादाला लागतो कोळसा, आणि तो होता जर्मनीच्या रूर खोऱ्यात. महायुद्ध संपल्यावर फ्रान्सला धास्ती एकच: हे कारखाने पुन्हा धडधडू लागले की आपलं काय?

तोडगा काढला ज्याँ मोने या फ्रेंच अधिकाऱ्याने. ९ मे १९५० रोजी परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी तो जाहीर केला. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामायिक संस्थेच्या ताब्यात द्यायचं! १९५१ मध्ये पॅरिसला सहा देशांनी करारावर सह्या केल्या. आता यातली खरी गंमत ऐका. ही संस्था नुसती चर्चा करायला नव्हती. ती कंपन्यांना दंड करू शकायची, उत्पादनावर कर लावू शकायची, आणि वाद झालाच तर वेगळं न्यायालय होतं. म्हणजे कुणी गुपचूप शस्त्रांसाठी पोलाद वळवायचं म्हटलं, तर ते लपवणं अवघड.

सैन्याच्या बाबतीत मात्र हे जमलं नाही. सामायिक युरोपीय सैन्याचा प्रस्ताव १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने फेटाळला. मग संरक्षणाची भिस्त राहिली नाटोवर, म्हणजे मुख्यतः अमेरिकेवर.

आता दुसरा प्रयोग. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाशी सौदा केला: आम्ही पाईप देतो, तुम्ही गॅस द्या. चॅन्सलर होते विली ब्रान्ट. विचार असा की देवाणघेवाण वाढली की तणाव निवळेल. १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी नव्या पाईपलाईनला निर्बंध घालून पाहिले, पण चक्क मार्गारेट थॅचरसुद्धा विरोधात गेल्या. काही महिन्यांत रेगननी माघार घेतली. आणि खरं सांगायचं तर शीतयुद्ध संपेपर्यंत गॅस येत राहिला. त्यामुळे जर्मनीला वाटलं, आपलं बरोबरच आहे.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळला. पुढच्याच वर्षी काय झालं? नॉर्ड स्ट्रीम-२ चा करार! पोलंड, युक्रेन ओरडून सांगत होते, ऐकतो कोण? त्याच वर्षी रेडेन इथला जर्मनीचा सगळ्यात मोठा गॅससाठा रशियाच्या गाझप्रॉमकडे गेला. २०२१ पर्यंत जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा रेडेनचा साठा जवळजवळ रिकामा होता.

फरक लक्षात आला? कोळशाच्या कुलपाची किल्ली सगळ्यांच्या सामायिक संस्थेकडे होती. गॅसच्या कुलपाची किल्ली मॉस्कोत होती. अर्थात, १९५० ची जर्मनी हरलेली होती, तिथे दोस्तांच्या फौजा होत्या, हेही विसरू नका. रशियाने तशी किल्ली कधीच वाटून घेतली नसती. पण मग आपलं घर त्याच कुलपावर सोडायचं कशाला?

हल्ल्यानंतर तीनच दिवसांत चॅन्सलर शोल्त्स यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला. २०२५ मध्ये नाटो देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के संरक्षणावर खर्चायचं ठरवलं. रशियन गॅसऐवजी आता जहाजातून द्रवरूप गॅस येतो, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा. सोलर पॅनेल चीनचे. म्हणजे कुलूप बदललं; किल्ली अजूनही बऱ्याच अंशी दुसऱ्याच्याच खिशात आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘ऐतिहासिक व्यापार करार’ अशी बातमी मोबाईलवर झळकली, की आकड्याच्या आधी एक गोष्ट शोधा: भांडण झालं तर नळ बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे? भेटू पुढच्या भागात!