तीन लाखांचं बंगळूर

मी जे. पी. नगरहून बोलतोय. आमच्या इथून कनकपुरा रस्त्याने दक्षिणेकडे निघालात की एकामागून एक फलक लागतात. शहराबाहेर बंगला, भोवती झाडी, क्लबहाऊस, दारावर पहारा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गुंतवणुकीची संधी'. निवृत्तीचा पैसा हाती आलेले माझे सैन्यातले मित्र विचारतात, पुण्या-नागपूरचे नातेवाईक विचारतात, "घ्यावी का अशी इस्टेट?" आज याचं उत्तर इतिहासातून देतो. कारण याच गावात एका मराठी घराण्याने जवळजवळ पन्नास वर्षं इस्टेट राखली आणि शेवटी ती विकायला काढली.

केंपेगौडा पहिला याने १५३७मध्ये बंगळूर वसवलं. १६३८मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याने ते त्याच्या वंशजाकडून घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते. बंगळूरची जहागीर त्यांना मिळाली. हवा थंड, पाणी भरपूर, विजापूर दरबार लांब. राजे इथे नुसते अधिकारी म्हणून राहिले नाहीत, त्यांनी घर केलं. त्यांच्या पदरी पंडित होते, कवी होते. जयराम पिंड्ये या कवीने त्या दरबाराचं वर्णन 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात केलं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो संपादित करून छापला, म्हणून आज आपल्याला त्या वैभवाची कल्पना येते.

पण जहागीर म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. मुलखाचा महसूल घ्यायचा, त्यातून फौज पोसायची आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. देणारा धनी रागावला की सगळं परत. १६४८मध्ये जिंजीच्या वेढ्यात शहाजीराजांना आदिलशाहीनेच कैद केलं. सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला आणि थोरले बंधू संभाजीराजे यांना बंगळूर. पुढे बंगळूर परत मिळालं, पण धडा उरलाच. कागदावर नेमका कोणता हक्क लिहिला आहे, ते आधी वाचा.

दुसरा प्रश्न वारसांचा. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. बंगळूर व्यंकोजीराजांकडे राहिलं. १६७७मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी धाकट्या भावाकडे वडिलांच्या दौलतीतला निम्मा वाटा मागितला. बोलणी फिसकटली, व्यंकोजी रातोरात निघून गेले आणि मग दोन्ही फौजा लढल्या. छत्रपतींच्या घरात जे टळलं नाही, ते आपल्या घरात आपोआप टळेल असं समजू नका. मृत्युपत्र करा आणि मुलांना समोर बसवून ते वाचून दाखवा.

तिसरा प्रश्न अंतराचा. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि राजधानी तिकडे गेली. बंगळूर सुमारे ४०० किलोमीटर मागे राहिलं. सैन्यात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की ठाणं जिंकणं सोपं, त्याला रसद पुरवत राहणं कठीण. लांबचा किल्ला राखायला शिबंदी हवी, तिला पगार हवा. तंजावरकरांना तो खर्च झेपेना. तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी बोलणी झाली आणि तीन लाख रुपयांना बंगळूर द्यायचं ठरलं.

आता गंमत पाहा. १६८६मध्ये विजापूर पडलं. ज्या दरबाराने जहागीर दिली, तो दरबारच उरला नाही. व्यवहार पुरा होण्याआधी, जुलै १६८७मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान बंगळूरच्या किल्ल्यात शिरला आणि मोगली निशाण चढलं. मग त्याच किमतीला त्याने ते म्हैसूरकरांच्या हवाली केलं. सौदा तंजावरशी ठरलेला, पण विकला तो ताबा असलेल्याने.

आजच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे जसा सातबारा, तशी कर्नाटकात पहाणी. ती पाहा. जमीन शेतीची असेल तर बिगरशेती झाली आहे का, ते विचारा. २०२०पासून कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, पण म्हणून तिच्यावर बंगल्यांची वसाहत उभी करता येते असं नाही. खाता कोणाच्या नावावर आहे, जमिनीवर बोजा आहे का, प्रकल्पाची रेरा नोंदणी आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. आणि शेवटी स्वतः जाऊन पाहा, कुंपण कोणाचं आहे आणि आत कोण राहतंय. मासिक देखभालीचा आकडाही आधीच विचारा. बंगला रिकामा असला तरी माळ्याचा आणि पहारेकऱ्याचा पगार चुकत नाही.

मग इस्टेट घेऊच नये का? जरूर घ्या, पण तिथे राहणार असाल तर. शहाजीराजे राहिले तोवर बंगळूर त्यांचं वैभव होतं. घराणं दुसरीकडे गेलं, तेव्हा तेच बंगळूर ओझं झालं. वर्षातून आठ दिवस जायचं असेल तर भाड्याने घर घ्या, स्वस्त पडेल.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा. मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वर देवस्थान आहे. १६६९मध्ये व्यंकोजीराजांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिलं, त्याचा शिलालेख तिथे आहे. जहागीर गेली, किल्ल्यावरची निशाणं बदलत गेली, पण त्या दगडावर भोसल्यांचं नाव अजून वाचता येतं.

पुढच्या भागात तंजावरला जाऊ. जय हिंद.