विषातून औषध

रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या पेठेतील एखाद्या घरात स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, म्हणजे पुष्कळदा रोगाहूनही अधिक धास्ती औषधाची घेतली जाते. केस जातील, अन्न पोटात ठरणार नाही, अंगातले बळ सरेल, असे शेजारीपाजारी सांगतात. आणि उपचार अर्ध्यावर सोडण्याचा विचार बळावतो. ही भीती निराधार नव्हे. परंतु या औषधांचा इतिहास पाहिला, की तिची मर्यादाही कळते.

या उपचाराचा उगम युद्धातील विषात आहे. पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, हे वैद्यांच्या ध्यानी आले होते. १९४२ साली अमेरिकेतील येल येथे त्याच जातीचे द्रव्य एका कर्करोग्याला टोचून पाहण्यात आले. पुढे १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगावर अमिनोप्टेरिनचा गुण दाखविला. ते द्रव्य आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालील संशोधकांनी सिद्ध केले होते. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले.

हेच मेथोट्रेक्सेट आणि आणखी दोन औषधे इटलीतील मिलान येथे जानी बोनादोन्ना यांनी १९७३ पासून काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर दिली. १९७६ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सुमारे सव्वादोन वर्षांत नुसत्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील २४ जणींचा रोग उलटला होता; औषध घेतलेल्यांपैकी सुमारे पाच जणींचाच. १९८१ साली याहून मोलाची गोष्ट पुढे आली. ज्यांना ठरलेली मात्रा जवळजवळ पूर्ण मिळाली, त्यांनाच लाभ अधिक झाला होता.

मग त्रास का होतो? ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील पेशीही तशाच. म्हणून केस गळतात, तोंड येते, थकवा वाटतो. बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने औषध देतात, ते मज्जेला सावरण्यास अवधी मिळावा म्हणून. केस उपचारानंतर बहुतेक पुन्हा येतात. उलट्यांवर १९९० नंतर प्रभावी औषधे आली. मात्र पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत बाजारची गर्दी टाळावी, ताप १००.४ अंशांवर गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

१९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा यांतले एकही औषध हाती नव्हते. आज रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयातही हा उपचार मिळतो. त्रास सोसवेनासा झाला, तर तो डॉक्टरांना सांगावा. मात्रा किंवा जोडीची औषधे बदलता येतात. आपल्या मनाने उपचार थांबविणे मात्र टाळावे, हाच मिलानच्या अनुभवाचा बोध आहे.